तालमीत सगळ्यांना पाडतो, मैदानात अवसान गळतं – काय करावं?

खानापूरचा बाप
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा १३ वर्षांचा, आठवीत आहे. तीन वर्षं झाली तालमीत जातोय. पहाटे साडेचारला मी हाक मारायच्या आत उठलेला असतो, हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरायला सगळ्यात पुढे. त्याच्यापेक्षा चार-पाच किलोनं जड पोरांना तो पाडतो. वस्ताद म्हणतात, एकलांगीचा डाव याच्याइतका साफ दुसऱ्या कुणाचा बसत नाही.

पण यात्रेच्या मैदानात हेच पोरगं ओळखू येत नाही. सकाळी पोटात अन्न ठरत नाही, उलटी होते. जोड ठरली की चार-चारदा लघवीला जातो. लंगोट बांधताना हात धरला तर बर्फासारखा गार. गेल्या महिन्यात तालमीत दोनदा चीत केलेल्या पोराशीच जोड लागली. हलगी वाजायला लागली, सलामी झाली आणि हा नुसता उभा. समोरच्यानं पट काढला, अर्ध्या मिनिटात चितपट. उठल्या उठल्या त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. वस्तादांकडे नाही, पंचांकडे नाही.

परत येताना गाडीत मी नको ते बोललो. रोजचं दोन लिटर दूध काढलं, तूप-बदाम काढलं. “आता रान गहाण टाकायचं तेवढं बाकी आहे,” असंही म्हणालो. तो खिडकीबाहेर बघत बसला होता. चुकलं हे त्याच रात्री कळलं, पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा?

गावात म्हणतात, पोरात जिगर नाही. वस्ताद म्हणतात, दोनशे जोर वाढवा, भीती घामावाटे जाईल. हा काही आजार आहे का? डॉक्टरला दाखवायचं का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

तांबडी माती, अनगोळ
आजार-बिजार काही नाही. मी वीस वर्षं कुस्ती केली. जत्रेच्या दिवशी सकाळी मला पाण्याचा घोटसुद्धा गिळवायचा नाही. आमच्यातला जो सगळ्यात दांडगा होता, ज्याच्या नावावर मैदान भरायचं, तो कुस्तीआधी देवळामागं जाऊन ओकायचा. हे तेव्हा कुणी बोलायचं नाही, एवढंच.

एक सांगतो. हाताला हात लागला, मानेवर पंजा पडला की थरथर जाते. सगळ्यांची जाते. ज्याची जात नाही, जो सलामीनंतरही खांबासारखा उभा राहतो, त्याच्या डोक्यात समोरच्या गड्याशिवाय आणखी कोणतरी असतंय. तुमचं पोरगं उठून तुमच्याकडं बघितलं म्हणालात. ते परत एकदा वाचा की.

निपाणीची ताई
दादा, मी एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) करते आणि माझा अभ्यासाचा विषय हाच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. वरच्या काकांनी जे सांगितलं ते संशोधकांनी वेगळ्या भाषेत सांगितलंय, आणि ते कुस्तीच्याच पोरांवरून सांगितलंय.

स्पर्धेच्या दडपणाचे दोन पदर धरतात. एक अंगातला आणि एक मनातला. अंगातला म्हणजे धडधड, गार हात, कोरडं तोंड, उलटी. मेंदूनं धोका ओळखला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, रक्त पोटाकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन जवळजवळ थांबतं, म्हणून खाल्लेलं ठरत नाही. कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात. शरीर कुस्तीची तयारी करतंय, त्यात बिघाड काही नाही. मनातला पदर म्हणजे ‘हरलो तर काय’, ‘लोक काय म्हणतील’ हे विचार.

रेनर मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजायला एक प्रश्नावली केली, ती १९९० मध्ये पुस्तकरूपात आली. २७ वाक्यं आहेत: ९ मनातल्या काळजीची, ९ अंगातल्या लक्षणांची, ९ आत्मविश्वासाची. खेळाडूनं प्रत्येक वाक्याला १ ते ४ पैकी आकडा द्यायचा. तिच्यावर शेकडो अभ्यास झाले. त्यातून वारंवार दिसलेली गोष्ट अशी की अंगातली लक्षणं स्पर्धा जवळ आली की झपाट्यानं चढतात आणि खेळ सुरू झाला की उतरतात. काकांची ‘हाताला हात लागला की थरथर जाते’ ती हीच. मनातली काळजी मात्र कित्येक दिवस आधीपासून असते आणि खेळ चालू असतानाही वर-खाली होत राहते. ‘आता हरतोय’ असं वाटलं की ती पुन्हा उसळते. २००३ मध्ये टिम वुडमन आणि लू हार्डी यांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा कामगिरीशी आत्मविश्वासाचा संबंध काळजीच्या संबंधापेक्षा जास्त घट्ट निघाला. म्हणजे थरथर शून्यावर आणायच्या मागे लागण्यापेक्षा भरवसा वाढवणं जास्त उपयोगाचं.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. तारा स्कॅनलन आणि रिबेका लुथवेट यांनी अमेरिकेत ९ ते १४ वर्षांच्या ७६ कुस्तीगीर मुलांचा अभ्यास केला, १९८४ साली तो छापून आला. कुस्तीआधी कुणाला जास्त ताण येतो, हे त्यांनी बघितलं. जी मुलं मुळातच काळजीखोर होती, ज्यांना स्वतःकडून फार आशा नव्हती, जी हरण्याची आणि मोठ्यांच्या अपेक्षांची चिंता करत होती त्यांना, आणि ज्यांना ‘आईवडिलांसाठी कुस्ती करावीच लागते’ असं वाटत होतं त्यांना जास्त ताण आला. कुस्तीनंतरचं तर आणखी बोलकं आहे. ज्यांना खेळताना मजा आली नाही त्यांना जिंकूनही ताण राहिला. मजा आलेल्यांना हरूनही तो कमी होता.

मी तुम्हाला दोष देत नाही, दादा. गाडीतली गोष्ट तुम्ही स्वतः लिहिलीत, म्हणून हे लिहायचा धीर झाला.

हुक्केरीकर
ताई, अभ्यास चांगला आहे, पण परदेशातल्या मॅटवरच्या पोरांचं इथल्या मातीला लागू होतं का? खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं. त्यांच्याबरोबर कोण होता मनाचा डॉक्टर? पोराला फार जपलं तर ते आणखी नाजूक होतं असं माझं प्रामाणिक मत आहे. मी रागानं लिहीत नाही. माझाही पुतण्या खेळतो आणि मलाही त्याचं भलंच हवंय.

चिकोडीचे पी.टी. मास्तर
हुक्केरीकर, तुम्ही दिलेलं उदाहरण मी शाळेत नेहमी सांगतो, पण दुसऱ्या कारणानं. लंडनला खाशाबा पहिल्यांदा मॅटवर उतरले होते. तोवर सगळी कुस्ती मातीतली. पायाखालची जमीन अनोळखी, नियम अनोळखी. पुढची चार वर्षं त्यांनी ते अनोळखीपण मोडून काढलं. आपली पोरं रोज तालमीत वीस जणांसमोर खेळतात आणि यात्रेत एकदम हजारोंसमोर, हलगी-तुतारीत, भोंग्यावर नाव पुकारलं जातं. ती लंडनच झाली की त्यांच्यासाठी.

नेदरलँड्समध्ये राउल औडेयान्स नावाच्या संशोधकानं बास्केटबॉल आणि डार्ट्सच्या खेळाडूंवर प्रयोग केले. एका गटानं नेहमीसारखा सराव केला, दुसऱ्यानं थोडं दडपण असताना. पुढे खरं दडपण आलं तेव्हा दुसरा गट टिकला, पहिला घसरला. हे वाचून मी खो-खोच्या पोरींसाठी शनिवारचा सराव बदलला. मधल्या सुट्टीत, सगळी शाळा भोवती, मोबाईलवर ताशाचा आवाज लावून. पहिले दोन शनिवार दोघी रडल्या. मी त्यांना बाहेर काढलं नाही, ओरडलोही नाही, शेजारी बसलो. तिसऱ्या शनिवारी त्यांनीच विचारलं, सर, आज ताशा नाही का? तेव्हा हुक्केरीकर, नाजूक करायला मी सांगत नाही. सवय लावायला सांगतोय, पण पायरीपायरीनं.

दुसरं म्हणजे बाहेरून ओरडणं. “पट काढ! मान दाब! पाय घे! अरे पाय!” हे हौद्याच्या काठावरून बाप, काका, मित्र सगळे एकदम ओरडतात. रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फवर एक प्रयोग केला. काही जणांना चेंडू ढकलायचे बारीकसारीक नियम शिकवले, काहींना नियम न सांगता हाताला वळण लागू दिलं. दडपणाखाली नियमवाले ढासळले, कारण हात जे आपोआप करतो ते डोकं तपासत बसलं. ज्या पोराची एकलांगी हजार वेळा घोटून अंगात मुरली आहे, त्याला मैदानात ‘पाय कुठं ठेवू’ हे आठवायला लावलं तर तो खांबासारखाच उभा राहणार.

आम्हाला बी.पी.एड.ला शिकवलं होतं की ताण थोडा असला की खेळ सुस्त, मध्यम असला की उत्तम, जास्त झाला की खराब. उलटा टांगलेला ‘यू’. मी अजून तेच धरून चालतो.

निपाणीची ताई
सर, ताशाची गोष्ट मी माझ्या मार्गदर्शकांना सांगणार आहे.

त्या ‘यू’बद्दल थोडं. ते मूळ काम यर्क्स आणि डॉडसन यांचं, १९०८ चं, आणि ते उंदरांवरचं आहे. विजेचा धक्का कमी-जास्त करून उंदीर किती लवकर शिकतात ते त्यांनी बघितलं होतं. खेळाडूंना ते नंतर लावलं गेलं. सोव्हिएत संघात खेळाडूंबरोबर काम केलेल्या युरी हानिन यांनी पुढे वेगळं मांडलं. सगळ्यांसाठी एकच ‘मध्यम’ नसतं, प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा पट्टा असतो. कुणी शांत असताना चांगला खेळतो, कुणी पुरता पेटलेला असताना. एकाच तालमीत दोन्ही असतात. म्हणून सगळ्या पोरांना एकच उपाय, मग तो दोनशे जोर असो की डोळे मिटून बसणं, पुरत नाही. पोराचा पट्टा ओळखायला त्याच्या चांगल्या कुस्त्या आठवायला लावा. त्या दिवशी सकाळी कसं वाटत होतं? भूक होती? कुणाशी बोलत होतास?

पिवळा पट्टा ते काळा पट्टा
मी ज्युदो खेळते, बेळगावजवळच्याच गावातली. हा धागा रात्री दोनदा वाचला.

आधी एका ठिकाणी शिकत होते तिथले प्रशिक्षक हरल्यावर सगळ्यांसमोर कानाखाली मारायचे. ठिकाण सांगत नाही. मला समोरच्या मुलीची भीती कधी वाटली नाही. मॅटवरून उतरून त्यांच्यापर्यंत चालत जायचं ते वीस पावलांचं अंतर, त्याची वाटायची. लढत चालू असताना मी ते अंतर मोजत असायचे. दादा, तुमचा मुलगा काय मोजत असेल मला माहीत नाही, पण काहीतरी मोजत असणार.

नंतर दुसरीकडे गेले. तिथले सर कानडी. ते प्रत्येक लढतीआधी म्हणायचे, “हेदरब्याड, हेदरब्याड”, घाबरू नको. मनानं फार चांगले, पण ते म्हणाले की मला आठवायचं, अरे, घाबरायचं असतं! मग आमच्यातल्या एका मोठ्या अक्कानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “अंजिकी बंद्र बर्ली.” भीती आली तर येऊ दे. तिच्या हातालाही घाम होता, तिनं माझ्या हातावर ठेवून दाखवला. ती त्या दिवशी जिंकली. मी हरले, पण पूर्ण चार मिनिटं खेळले.

तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये (ज्युदोसारखाच कुस्तीचा प्रकार) कांस्य आणलं, तेव्हा आमच्या गावात पोरींना पाठवायचं आईबापांचं मन झालं. पण पाठवलं म्हणजे झालं असं नाही, आल्यावर काय विचारता तेही बघा. माझी आई फक्त विचारते, “लागलं का कुठं?”

निपाणीची ताई
ताई, तुमच्या अक्कांनी जे सांगितलं त्याला आधार आहे. १९९४ मध्ये ग्रॅहम जोन्स, शेल्डन हॅन्टन आणि ऑस्टिन स्वेन यांनी वरच्या दर्जाच्या आणि साध्या पोहणाऱ्यांची तुलना केली. धडधड आणि काळजी दोघांना सारखीच निघाली. फरक एवढाच होता की वरच्या दर्जाचे खेळाडू ती लक्षणं मदतीची मानत होते, बाकीच्यांना तीच अडचण वाटत होती.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला इथं काम करताना सापडली. ती इंग्रजी प्रश्नावली मी मराठीत करून तालमीतल्या मुलांना वाचून दाखवली. “कुस्तीची काळजी वाटते का?” एक मुलगा म्हणाला, “हो, मी लई काळजी घेतो. वजनाची, गुडघ्याची.” त्यानं सगळीकडे ४ आकडा दिला आणि कागदावर तो सगळ्यात घाबरट ठरला. मुलगा वाघासारखा! आपल्या मराठीत काळजी ‘वाटते’ आणि काळजी ‘घेतात’, शब्द एकच. कानडी घरातल्या पोरांना तर काळजी म्हटलं की आस्थाच आठवते, चिंतेला ते चिंतीच म्हणतात. गंमत म्हणजे मूळ इंग्रजीतही हीच अडचण होती. तिथं वापरलेल्या शब्दाचा अर्थ ‘चिंता’ आणि ‘महत्त्व वाटणं’ असा दोन्ही होतो, हे १९९९ मध्ये अँडी लेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. आता मी ‘काळजी’ काढून ‘पोटात गोळा येतो’, ‘मन खातं’, ‘धाकधूक होते’ असे शब्द घातलेत. पोरं लगेच मान हलवतात.

हुक्केरीकर
ज्युदोवाल्या ताईंचं वाचून मी माझं वाक्य मागे घेतो. ‘नाजूक’ म्हणालो ते. पुतण्याला फोन केला, काही विचारलं नाही, नुसतं बोललो.

तांबडी माती, अनगोळ
श्वासाचं कोणी बोललं नाही. आमचे वस्ताद लंगोट बांधताना सांगायचे, श्वास सोडताना मनात हनुमानाचं नाव घे, लांबवत घे. घेताना नाही, सोडताना. पाच-सात वेळा. छातीतला ढोल कमी होतोय.

निपाणीची ताई
काका, बरोबर आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, घेताना वाढतात. म्हणून सोडणं लांबवायचं.

खानापूरचा बाप
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचं वाचलं, काही बायकोला वाचून दाखवलं. ज्युदोच्या ताईंचं वाचताना ती उठून आत गेली.

पोराशी बोलायला मला आठवडा लागला. समोर बसवून विचारलं असतं तर तो गप्पच बसला असता. संध्याकाळी म्हशी धूत होतो दोघं. मी म्हटलं, गाडीत बोललो ते चुकलं माझं. तो म्हशीच्या पाठीवर वीट घासत राहिला. बऱ्याच वेळानं एवढंच म्हणाला, “आप्पा, पुढच्या मैदानात तुम्ही कुठं उभं राहणार?”

मी म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, दिसणार नाही असं.

परवा मैदान होतं. सकाळी उलटी झालीच. मी काही बोललो नाही, तांब्या भरून ठेवला. वस्तादांशी आधीच बोलून ठेवलं होतं. त्यांनी गेले पंधरा दिवस तालमीत मोबाईलवर हलगी लावून कुस्त्या घेतल्या, आणि काठावरून ओरडायचं नाही असं बाकीच्यांनाही बजावलं. ते जुने माणूस, ऐकतील असं वाटलं नव्हतं. पण त्यांनी ऐकलं.

जोड लागली तेव्हा मी मागे उसाच्या ट्रॉलीपाशी जाऊन उभा राहिलो. तिथून माणसांच्या पाठीच दिसत होत्या. हलगी ऐकू येत होती, ती थांबेना. अर्धं मिनिट गेलं, मिनिट गेलं. माझेच हात गार पडले होते. एकदा लोक ओरडले आणि मला वाटलं, संपलं. तरी हलगी चालूच. साताठ मिनिटांनी पंचांनी बरोबरीत सोडवली.

अंगाला माती तशीच घेऊन तो ट्रॉलीपाशी आला. मी भडंगाची पुडी पुढे केली, त्यानं अर्धी संपवली. मग गाडीत स्वतःहून सुरू झाला. समोरच्यानं मान कशी दाबली, मी घिस्सा डाव मारायला गेलो तर पाय कसा सरकला, एकलांगी दोनदा लागली होती पण उचलायला ताकद राहिली नव्हती. खानापूर येईपर्यंत तोच बोलत होता. मला विचारायचं होतं, उचलायला ताकद का राहिली नाही. नाही विचारलं. घरी आल्यावर आईनं विचारलं, लागलं का कुठं? त्यानं कोपर दाखवलं.

पिवळा पट्टा ते काळा पट्टा
दादा, वाचून बरं वाटलं. कोपराला हळद लावली का?

तांबडी माती, अनगोळ
दोनदा लागूनही उचलली नाही म्हणजे कंबर लांब राहूलालीया त्याची. ताकदीचा प्रश्न नाही. येत्या रविवारी सकाळी अनगोळला घेऊन या. दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही बाहेर चहा घेत बसा.